कॅन्सरवर प्रोजेक्ट करायचाय? आधी चिंचोके गोळा करा

नववीत मी कॅन्सरवर पहिला प्रोजेक्ट केला तेव्हा थर्माकोलची दोन फुप्फुसं कापली. एकाला गुलाबी रंग दिला, दुसऱ्याला काळा, आणि काळ्यात विडीचं थोटूक खोचलं. मागं स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला तयार तक्ता. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमचं टेबल अगदी दारात होतं, त्यामुळं परीक्षक सगळ्यात आधी आमच्याकडंच आले. तक्त्याच्या कोपऱ्यात कोबाल्ट मशीनचं, म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडणाऱ्या यंत्राचं, चित्र होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "यातला कोबाल्ट जुना झाला की पेशंटला टेबलावर जास्त वेळ झोपावं लागतं की कमी?"

मी म्हणाले, "सर, तंबाखू आरोग्यास घातक आहे."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "शोध उत्तर," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

त्या एका प्रश्नावर माझे पुढच्या तीन वर्षांचे प्रोजेक्ट निघाले. आता मी सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि डिसेंबर आला की गावाकडची पोरं फोन करतात, "ताई, कॅन्सरवर प्रोजेक्ट द्यायचाय, काय करू?" दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

पहिली गोष्ट. 'कॅन्सर' एवढ्या मोठ्या शब्दावर प्रोजेक्ट होत नाही. 'शेती' या विषयावर प्रोजेक्ट कर म्हटल्यासारखं आहे ते, दहा पानं भरतात आणि हाती काही लागत नाही. ज्याच्या उत्तरात एक आकडा येतो, आणि तो आकडा तुम्हाला घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत स्वतः मोजता येतो, असा प्रश्न घ्या. कांद्याच्या मुळाच्या टोकाला शंभरातल्या किती पेशी विभागत असतात? तपासणीत 'पॉझिटिव्ह' आलेल्या शंभर जणींपैकी खरंच आजारी किती? कोबाल्ट किती वर्षांत अर्धा होतो? प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत बसला नाही, तर तो अजून मोठा आहे असं समजा आणि कापा.

दुसरी गोष्ट, वही. शंभर पानी, आखीव. तारीख, वेळ, आकडा. चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी का चुकला ते लिहायचं. अकरावीत परीक्षकांनी माझा तक्ता बघितलाच नाही, वही मात्र दहा मिनिटं चाळली, आणि सगळे प्रश्न त्या रेघा मारलेल्या आकड्यांवर विचारले.

कांद्यापासून सुरुवात करा

कॅन्सर म्हणजे विभागणं थांबत नाही अशा पेशी, हे वाक्य आपण पाठ करतो. पण पेशी विभागताना पाहिलीय किती जणांनी? ती बघायला कांद्याइतकं स्वस्त काही नाही.

कांद्याची जुनी वाळलेली मुळं ब्लेडनं खरवडा. काचेचा ग्लास पाण्यानं काठोकाठ भरा आणि कांदा त्यावर असा बसवा की फक्त बुडखा पाण्याला टेकेल. कांदा लहान असेल तर खराट्याच्या तीन काड्या टोचून अडकवा. पाणी रोज बदला, नाहीतर घरातले तुमच्यासकट ग्लास बाहेर ठेवतील. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं येतात. ती दोन-तीन सेंटिमीटरची झाली की सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टोकं कापा. सकाळी विभाजन जास्त सापडतं असं आमच्या मॅडम सांगायच्या, म्हणून मी दुपारी चारलाही टोकं कापून बघितली. फरक पडला. एका कांद्यावरून नियम काढू नका, पण करून मात्र बघा.

कापलेली टोकं एक भाग ॲसेटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवायची. मग काचेच्या वाटीत ॲसिटोकार्मिन हा लाल रंग आणि एक थेंब पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून स्पिरिटच्या दिव्यावर किंचित गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. हे सगळं प्रयोगशाळेत, मॅडम शेजारी उभ्या असताना. स्लाइडवर फक्त टोकाचा गडद लाल झालेला मिलिमीटर-दोन मिलिमीटर ठेवा, बाकी मूळ कापून फेका. कव्हरस्लिप ठेवा, वर टिपकागद, आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबा. इथं सगळ्यांचं चुकतं. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि मायक्रोस्कोपखाली लाल शेवया दिसतात. माझ्या पहिल्या पाच स्लाइड अशाच गेल्या. सहावीत एका पेशीच्या मधोमध गुणसूत्रं रांगेत उभी दिसली, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखी, आणि तिच्या शेजारच्या पेशीत ती दोन टोकांना ओढली गेलेली. मी मैत्रिणीला हाक मारायच्या ऐवजी श्वास धरून बसले, टेबल हलेल म्हणून.

आता मोजा. टोकाकडच्या २०० पेशींत माझ्याकडं १७ विभागताना सापडल्या. मग त्याच मुळाचा, टोकापासून सेंटिमीटरभर वरचा तुकडा घेतला. तिथं २०० पेशींत एकही नाही. एकाच मुळात, एकच डीएनए असताना, टोकाला धावपळ आणि वर सामसूम. म्हणजे निरोगी शरीरात कुठं विभागायचं आणि कुठं थांबायचं याची शिस्त असते. ही शिस्त जिथं मोडते तिथून कॅन्सरची गोष्ट सुरू होते. हे वाक्य तुम्ही तक्त्यावर लिहू शकता, कारण ते तुम्ही मोजलंय.

माझ्या पहिल्या कांद्याला आठ दिवस मुळंच आली नाहीत. नुकताच काढलेला असेल, कांदा काढल्यावर काही काळ झोपलेलाच असतो. पण कारण शोधताना एक वेगळीच गोष्ट हाती लागली. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली 'कृषक' नावाचं केंद्र सुरू केलं. तिथं कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरण देतात, आणि ते किरण येतात कोबाल्ट-६० मधून. तक्त्यावरच्या मशीनमधला तोच कोबाल्ट! किरणांनी डीएनए तुटतो, विभागणाऱ्या पेशी विभागू शकत नाहीत, कोंब निघत नाही. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे एवढा डोस एकाच दमात देतात. ग्रे म्हणजे एका किलोत किती ऊर्जा जिरली त्याचं माप. माणसाला गाठीवर ५० ग्रे द्यायचे असले तर ते २५ दिवसांत वाटतात, रोज २, शनिवार-रविवार सुट्टी. कारण आजूबाजूच्या चांगल्या पेशींना मधल्या वेळेत डागडुजी करता यावी. कांद्याला डागडुजी करू द्यायची नसते.

चिंचोके

आमच्याकडं रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. 'लाईट घेतली' म्हणतात, नाहीतर 'शेक दिला'. माझ्या मोठ्या आत्यानं २५ लाइटी घेतल्या, पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाच्या कॅन्सरसाठी. आता ती ठणठणीत आहे आणि माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तोंड घालते. तिच्याबद्दल पुढं येईलच.

कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत अर्धा होतो, नेमकं सांगायचं तर ५.२७ वर्षांत. हा आकडा पुस्तकात मिळतो. पण 'अर्धा होतो' म्हणजे काय, हे मला चिंचोक्यांनी शिकवलं.

शंभर चिंचोके घ्या. चौकट आखून खेळायला घासतो तसे खरबरीत दगडावर एका बाजूनं घासा, ती बाजू सपाट आणि पांढरी होईपर्यंत. दुसरी बाजू तपकिरी, फुगीर राहू द्या. मला दोन संध्याकाळी लागल्या, त्यातले निम्मे आजीनं घासले. "आगं, शाळंत ह्येच शिकवत्यात का आता?" असं पन्नास वेळा विचारत. एक चिंचोका म्हणजे कोबाल्टचा एक अणू. सगळे डब्यात घालून खळखळवा आणि चादरीवर फेका. पांढरी बाजू वर आलेले 'फुटले', ते बाजूला काढा. उरलेले मोजा, लिहा, पुन्हा डब्यात घाला, पुन्हा फेका.

माझे आकडे असे आले: १००, ५८, ३४, १९, १२, ७, ४, ४, १, १, १, ०.

मी रडकुंडीला आले. अर्धे व्हायला हवे होते ना? नाण्यांनी करतात तेव्हा १००, ५०, २५ असे सुरेख येतात, पुस्तकात तसंच दिलंय. मी चिंचोके पुन्हा घासले, पुन्हा फेकले, पुन्हा अठ्ठावन्नच्या आसपास. शेवटी वही घेऊन फिजिक्सच्या सरांकडं गेले. त्यांनी आकडे वाचले आणि म्हणाले, "तुझा चिंचोका नाण्यासारखा दोन्हीकडं सारखा आहे का?" नाही. एका बाजूनं सपाट, दुसरीकडून फुगीर, तो एका अंगावर जास्त पडणारच. "मग त्याला त्याचं आयुष्य आहे. तुझ्या चिंचोक्याचं अर्धायुष्य काढ."

काढलं. आलेखाच्या कागदावर आडवी फेक, उभे उरलेले चिंचोके, ठिपके जोडणारी वक्र रेघ. उभ्या अक्षावर ५० पासून आडवी रेघ मारली, ती वक्राला भेटली तिथून खाली आले. सव्वा फेक. म्हणजे सव्वा फेकेत माझे चिंचोके अर्धे होतात. कोबाल्टला सव्वापाच वर्षं लागतात, तर माझी एक फेक म्हणजे कोबाल्टची साधारण चार वर्षं आणि दोन महिने. नाण्यांनी केलं असतं तर हे गणित करावंच लागलं नसतं, आणि अर्धायुष्य म्हणजे 'दर फेकेला अर्धे' असाच समज घेऊन मी बारावी झाले असते.

शेवटच्या आकड्यांकडंही बघा. ४, ४, मग एकदम १, आणि तो एकटा तीन फेका तग धरून. अणू थोडे उरले की नियम डळमळतो. कुठला चिंचोका कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही, शंभरांचं मिळून मात्र सांगता येतं. कोबाल्टच्या तुकड्यात अणू एवढे असतात की ही डळमळ दिसतच नाही, म्हणून दवाखान्यात निर्धास्तपणे हिशोब करता येतो: दर महिन्याला जोर साधारण १.१ टक्क्यानं कमी. आज एका बाजूला ३६ सेकंद लाईट द्यावी लागत असेल, तर सव्वापाच वर्षांनी तेवढ्याच डोसला ७२ सेकंद लागतील. हे त्या परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर. जास्त वेळ. दुप्पट.

याच्या जोडीला दोन ओळी लिहा, भाव खाऊन जाल. आपल्याकडचा कोबाल्ट राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्टीत तयार होतो, साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉनचा मारा करून. आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानं देशातच बनवलेल्या कोबाल्ट मशीनचं नाव भाभाट्रॉन, त्यातलं पहिलं २००५ मध्ये खारघरला बसलं. आतून लाईट देतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी इरिडियम-१९२ वापरतात, त्याचं अर्धायुष्य ७४ दिवस. पेट स्कॅनमध्ये (शरीरातल्या गाठी शोधायची एक तपासणी) साखरेला चिकटवून देतात ते फ्लोरीन-१८ तर ११० मिनिटांत अर्धं, ते बार्शीला आणायचं म्हटलं तर वाटेतच किती संपेल, हा आणखी एक सुंदर प्रोजेक्ट आहे. एसटीचं वेळापत्रक घ्या आणि करा.

सीटी स्कॅन, चार चौकटींत

यात फार वेळ घालवू नका, एका तासिकेत होतं. मैत्रिणीला दोन बाय दोनच्या चौकटीत चार आकडे लपवून लिहायला सांगा. तिनं तुम्हाला फक्त बेरजा सांगायच्या. वरची ओळ ७, खालची ९. डावा रकाना ६, उजवा १०. ओळखा.

तुम्ही म्हणाल वर २ आणि ५, खाली ४ आणि ५. बरोबर जमतं. पण वर ३ आणि ४, खाली ३ आणि ६ हेही जमतं! दोन दिशांनी बघून चौकट उलगडत नाही. आता तिरकी बेरीज विचारा, डावीकडं वरून उजवीकडं खाली. ७ म्हणाली तर पहिलं, ९ म्हणाली तर दुसरं. म्हणून सीटीचं मशीन पेशंटभोवती गोल फिरतं. प्रत्येक दिशेनं एक्स-रे किती अडले एवढीच बेरीज त्याला मिळते आणि त्यावरून आतली चौकट कॉम्प्युटर सोडवतो. हे मशीन बनवणाऱ्या हाउन्सफिल्डच्या सुरुवातीच्या प्रयोगात एका स्कॅनची मापं घ्यायलाच ९ दिवस लागले होते. १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला, १९७९ मध्ये त्याला आणि यामागचं गणित मांडणाऱ्या कॉर्मॅकला नोबेल मिळालं.

हजार तुरीचे दाणे

हा प्रोजेक्ट मी बारावीत केला, आणि सगळ्यात जास्त भांडणं यावरच झाली.

झालं असं की शेजारच्या गल्लीतल्या एका काकूंची तपासणी एका शिबिरात झाली. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण आपल्या व्हिनेगरसारखंच, लावून मिनिटभरानं बघतात. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. त्याला व्हीआयए म्हणतात. काकूंना चिठ्ठीवर 'पॉझिटिव्ह' लिहून दिलं आणि पुढच्या तपासणीला या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ काय हे मात्र कुणी समजावलं नाही. काकू तीन दिवस जेवल्या नाहीत. पुढच्या तपासणीत काही निघालं नाही, पण ते तीन दिवस गेलेच ना.

तर घ्या हजार दाणे तुरीचे. शंभराचे दहा ढीग करून मोजा, नाहीतर चुकाल. त्यातले दहा नेलपॉलिशनं लाल करा, हे आजारी. सगळे मिसळा आणि वर्गातल्या चाळीस जणांना प्रत्येकी पंचवीस वाटा. प्रत्येकाकडं काडेपेटीत दहा चिठ्ठ्या: नऊंवर 'बरोबर', एकीवर 'चूक'. एकेक दाणा उचलायचा, एक चिठ्ठी काढायची. 'बरोबर' आली तर लाल दाणा पॉझिटिव्ह, साधा दाणा निगेटिव्ह. 'चूक' आली तर उलटं. चिठ्ठी परत पेटीत. म्हणजे आपली तपासणी दहात नऊ वेळा बरोबर आहे, चांगलीच म्हणायची.

करायच्या आधी सगळ्यांना फळ्यावर अंदाज लिहायला लावा: पॉझिटिव्ह निघालेल्यांतले किती खरंच लाल असतील? आमच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांनी नव्वद टक्के लिहिलं.

मग सगळे पॉझिटिव्ह दाणे टेबलावर एका ताटात ओतले. ताटभर तूर आणि त्यात लाल दाणे शोधावे लागत होते. एकशे सात पॉझिटिव्ह, त्यातले लाल नऊ. हिशोबानंही तसंच येतं: दहांतले नऊ लाल सापडतात, आणि ९९० साध्यांतले ९९ चुकून अडकतात. शंभरात आठच खरे! मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मग तपासणी करायचीच कशाला?" त्यावर तास संपेपर्यंत भांडलो. उत्तर ताटाशेजारच्या ढिगात होतं. निगेटिव्ह निघालेल्या ८९३ दाण्यांत लाल फक्त एक. म्हणजे हजारांतल्या बहुतेकांना घरी पाठवता आलं आणि नीट तपासायला उरले शंभर. 'पॉझिटिव्ह' म्हणजे 'आता तुला जरा नीट बघू', एवढंच.

मग लाल दाणे दोनशे करून पुन्हा खेळा. आता साधारण २६० पॉझिटिव्ह निघतील आणि त्यातले १८० खरे असतील. तपासणी तीच, चिठ्ठ्या त्याच, उत्तर मात्र बदललं. म्हणून डॉक्टर आधी वय विचारतात, तंबाखू, मिशरी विचारतात.

इथं आमच्या भागाची एक गोष्ट जोडाच. बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली ग्रामीण भागातली ती पहिली. तिथूनच १९९९ मध्ये, टाटा मेमोरियलच्या बरोबरीनं, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी १,३१,७४६ बायकांचा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या, चार गटांत. एका गटाची एचपीव्ही या विषाणूची (हा कॅन्सर त्याच्यामुळं होतो) तपासणी, एकाची पेशींची, एकाची ॲसेटिक ॲसिडची, आणि चौथ्याची नेहमीसारखी, म्हणजे खास काही नाही. २००९ मध्ये निकाल आले. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. ॲसेटिक ॲसिड एकदाच लावलेल्या गटात म्हणावा तसा फरक दिसला नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं तीच साधी तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आणि ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. आमच्या मॅडमनी हे दोनदा वाचून दाखवलं.

तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणीच केली नाही, यावर पुढं टीकाही झाली. मला ती टीका पटते, आणि त्या बायकांशिवाय उत्तर मिळालं नसतं हेही दिसतं. वर्गात हा वाद घाला, निकाल लावायची घाई करू नका.

माणसांशी बोलताना

प्रोजेक्टमध्ये मुलाखत टाकली की गुण मिळतात, म्हणून पोरं थेट दवाखान्याच्या वऱ्हांड्यात वही घेऊन उभी राहतात. तसं करू नका. तिथं बसलेल्या माणसाला आपलं वाक्य पूर्ण करायचंही त्राण नसतं. ओळखीतलं, उपचार संपून वर्ष-दोन वर्षं झालेलं माणूस घ्या, आणि आधी घरच्यांमार्फत विचारा. "तुम्हाला हा कसा झाला?" हे कधीही विचारू नका. त्याचा अर्थ 'तुम्ही काय चुकलात' असा होतो. "लाईटच्या खोलीत काय काय होतं?" असं विचारा. वहीत नाव लिहायचं नाही, फाइलचा फोटो काढायचा नाही.

दवाखान्यात बोलायचंच असेल तर डॉक्टरांपेक्षा तिथल्या मेडिकल फिजिसिस्टला, म्हणजे किरणांच्या डोसचा हिशोब बघणाऱ्या माणसाला, भेटायची परवानगी मागा. शाळेचं पत्र न्या. डॉक्टर गर्दीत असतात, आणि या माणसाला भेटायला सहसा कुणी येत नाही, त्यामुळं तो खुशीत बोलतो. मला जे भेटले त्यांनी मशीन बंद असताना खोलीचं दार लांबून दाखवलं. आत जायची वाट सरळ नव्हती, चक्रव्यूहासारखी वळत गेलेली, कारण किरण भिंतीवर आपटून विखुरतात आणि प्रत्येक वळणाला त्यांचा जोर कमी होतो. त्यांच्या खिशाला एक छोटा बिल्ला होता, अंगावर किती किरण आले ते मोजणारा. हा बिल्ला तपासायला पाठवतात म्हणे. फिजिक्स शिकून दवाखान्यात नोकरी करता येते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि बारावीनंतर फॉर्म भरताना आठवलं.

आणि हळद, गोमूत्र, लिंबू-सोडा यांनी कॅन्सर बरा होतो असं दाखवणारे प्रोजेक्ट कृपा करून आणू नका. काचेच्या बशीत पेशी मारायला फिनाईलसुद्धा चालतं.

आत्याची मुलाखत मी सगळ्यात शेवटी घेतली, चिंचोक्यांचा आलेख तिच्यापुढं ठेवून. तिला आलेख वगैरे काही सांगायची गरज पडली नाही, ती म्हणाली, "हां, म्हंजी जुन्या बॅटरीसारखं." मग लाईटच्या खोलीबद्दल सांगायला लागली. खोली गार असायची. सगळे बाहेर जायचे, दार लागायचं, ती एकटी. हलायचं नाही. मशीन चार बाजूंनी फिरून थांबायचं. वेळ कसा जातो ते कळावं म्हणून ती मनात 'विठ्ठल' मोजायची. "एका बाजूला नव्वद विठ्ठल. रोज नव्वद. एक कमी नाय, एक जास्त नाय."

मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि तिला डोळे मिटून तशीच मोजायला सांगितलं. ती आडवीच झाली चटईवर, हात अंगाला लावून. नव्वद झाले तेव्हा एक मिनिट बारा सेकंद. तेव्हा तिथल्या पोरानं तिला सांगितलं होतं की सोर्स, म्हणजे मशीनमधला कोबाल्ट, पाच वर्षांचा झालाय, आता बदलणार. मी वहीवर हिशोब करून दाखवला, की नवा बसल्यावर तेवढीच लाईट साधारण छत्तीस-सदतीस सेकंदांत होत असेल.

तिनं जरा विचार केला. "म्हंजी आता येत्यात त्यांस्नी पंचेचाळीसच विठ्ठल?"

हो म्हटलं.

"मग वाईच हळू म्हणाया सांग," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.